राखीव खुर्ची

संघात त्याला सगळे ‘काका’ म्हणत. वय चौतीस, पण फुटबॉलमध्ये चौतीस म्हणजे पिकलं पानच. संघातल्या काही पोरांच्या आया त्याच्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, एवढं सांगितलं तरी पुरे. तेविसाव्या वर्षी दोन जोड बूट आणि आईने बळंच कोंबलेली चादर घेऊन तो परदेशात उतरला, तेव्हा त्याला तिथल्या भाषेतले चारच शब्द येत होते: डावीकडे, उजवीकडे, मागे आणि लवकर. मैदानाची उजवी बाजू राखायला तेवढे पुरतात. अकरा वर्षांत चार क्लब झाले, एक गुडघा दुरुस्त झाला, लग्न झालं आणि शिव्यांसकट भाषाही आली. कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण आपल्या बाजूने कुणाला सुखासुखी पुढे जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा खाक्या. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो त्याने घाम गाळून कमावलेला होता.

गेली दोन वर्षं मात्र तो बहुतेक वेळ मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या रांगेत बसे. आईने ते पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं आणि तिचा आनंद गगनात मावेना. आई एका कचेरीत तीस वर्षं शिपाई होती. घंटी वाजली की उठायचं, फाइल उचलायची, जिना चढायचा. तिच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: पळणारी आणि बसणारी.

“अरे, तुला खुर्ची मिळाली!” ती फोनवर ओरडली. “अंगात कोट काय, पाठीला गादी काय! आणि ती बाकीची पोरं बघ कशी पळतायत बिचारी.”

 संध्याकाळपर्यंत मुलाच्या बढतीची बातमी आळीभर झाली होती. मग खरं सांगायची सोयच राहिली नाही.

आणि आता ती स्वतःच आली होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, नेमकी हंगामाच्या शेवटच्या सामन्याला. हरलो तर संघ खालच्या गटात घसरणार, बरोबरी झाली तरी तरणार, असा तो सामना. घसरलो तर तिशीपुढच्या कुणाचाही करार वाढवायचा नाही, हे क्लबने आधीच कळवून टाकलं होतं. करार गेला की या देशात राहण्याचा परवानाही गेला. म्हणजे अकरा वर्षांचं बस्तान त्या नव्वद मिनिटांवर टांगलेलं होतं.

सामन्याच्या सकाळी प्रशिक्षकाने त्याला मालिशच्या खोलीत गाठलं. माणूस मनाने चांगला, पण चांगुलपणा नको तिथे बाहेर काढायचा.

“काका, तुझी आई आलीय म्हणे. आज पहिल्यापासून तूच खेळ. पोरांशी बोललोय मी, सगळे खूश आहेत.”

तो टेबलावर पालथा पडला होता. पोटऱ्या रगडणाऱ्या मालिशवाल्याचे हातसुद्धा थांबले.

मोह साधासुधा नव्हता. आईने त्याला खेळताना असं कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी पाहिलं ते फक्त फुटलेले गुडघे आणि तुटलेल्या चपला, आणि त्याबद्दल धपाटे दिले होते. एकदा तरी तिने डोळे भरून बघावं, असं त्याला फार वाटत होतं. पण समोरच्या संघात डावीकडून पळणारा तो एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे वारा प्यायलेलं वासरू. त्याच्यामागे पहिल्या मिनिटापासून धावलो तर तासाभरात आपली जीभ बाहेर येणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

“नको,” तो म्हणाला. “माझ्या पायांत चांगली अशी तीसच मिनिटं आहेत. ती आधीच उधळली तर शेवटी काय कराल? त्या पोराला दमू द्या. तास झाला की मला उठवा.”

“आणि आई?”

“आईचं मी बघतो. तुम्ही सामन्याचं बघा.”

बोलून तर गेला, पण आईपेक्षा सामना मोठा ठरवला की काय, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

पहिला तासभर तो खुर्चीत बसून एकच गोष्ट बघत होता: त्या पोराचे पाय. संघाने एक गोल केला, पोराने उजव्या बाजूला भगदाड पाडून तो फेडला. पण काकांना हवं ते सापडलं. आत वळायच्या आधी पोरगा दर वेळी उजवा खांदा किंचित खाली टाकत होता. आपल्या बाजूच्या कुणाला ते दिसलं नव्हतं. पळता पळता कसं दिसणार?

एकसष्टाव्या मिनिटाला प्रशिक्षकाने मागे वळून पाहिलं. काकांनी कोट काढला.

पहिल्यांदा खांदा पडला तेव्हा काका आधीच तिथे उभे होते. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पोराने चक्क हात जोडले. मग तो चिडला, बाजू बदलून बघितली, परत आला, आणि अखेरच्या मिनिटाला खांदा न पाडताच सुसाट सुटला. तेव्हा अक्कल संपली आणि पायच कामी आले. काकांनी उरलंसुरलं सगळं बॉलकडे मारलेल्या एका घसरणीत घातलं. बॉल रेषेबाहेर गेला, शिट्टी वाजली, संघ तरला. मैदानातून आत नेणाऱ्या बोळातून जाताना प्रशिक्षक ओरडला, “सोमवारी सही करायला ये!”

घरच्या माणसांसाठी ठेवलेल्या खोलीत बायको हसून हसून बेजार झाली होती.

“अहो, तुम्ही उठलात आणि आई ताडकन उभ्या राहिल्या. मागची माणसं ओरडतायत बसा, बसा. मी पदर ओढतेय. पण शेवटपर्यंत बसल्या नाहीत.”

“साहेब उठल्यावर कसं बसायचं?” आई म्हणाली.

आता मात्र त्याला राहवेना. तो चिखलाने भरलेल्या मोज्यांनिशी तिच्या शेजारी बसला.

“आई, मी साहेब नाही गं. खेळायला घेत नाहीत ते तिथे बसतात. दोन वर्षं तुला सांगितलं नाही.”

आईने विचारलं, “मग आजही घेत नव्हते?”

“आज घेत होते. तू आलीस म्हणून. मीच नको म्हटलं.”

तिने त्याच्या गुडघ्यावरचा चिखल अंगठ्याने खरवडून काढला.

“मी रिटायर झाले ना, त्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. हार घातला, फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, उठा आता बाई, मीटिंग आहे. तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. तुझ्या बाबांनासुद्धा. नको म्हणालास ते बरं केलंस.”