शिल्लक माल

पैसे माझे होते म्हणून भांडण झालं. त्यांचे असते तर मला विचारायला कोण आलं असतं?

आईच्या माघारी तिच्या जमिनीचा तुकडा विकला आणि माझ्या वाटणीचे तीन लाख हातात आले. विहिरीपलीकडची एक जागा मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेरून ठेवली होती. आम्ही राहतो त्या दोन खोल्या तेलगिरणीच्या. हे तिथल्या हमालांचे मुकादम, म्हणून खोल्या मिळालेल्या. नोकरी गेली की भांडीकुंडी रस्त्यावर. मला माझ्या नावाच्या चार भिंती हव्या होत्या आणि त्या जागेचे पाच लाख सांगत होते. नेमके तेव्हाच गिरणीच्या कंपनीने नवे शेअर काढले. गिरणी गावचीच, शेंगा पिकवणाऱ्यांनीच पैसे घालून उभी केलेली. चेअरमन घरोघरी जाऊन सांगत होते की दरसाल असा वाटा मिळेल, की चार वर्षांत तुमचं काम झालंच म्हणून समजा.

"टाकून मोकळी हो," हे म्हणाले. "गोदामं भरलेली आहेत. मी रोज बघतो की."

"तुम्ही पोती बघता. मी कागद बघितल्याशिवाय एक पैसा देणार नाही."

आठ दिवस धड बोलणं नाही. हमालांत बायको वकील झाली म्हणून थट्टा चालली होती, ती यांना झोंबत होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेअरच्या अर्जाबरोबर कंपनीने छापील ताळेबंद वाटला होता, तो घेऊन मी मास्तरांकडे गेले. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता गुडघे गेलेत, रस्त्याकडेला ओट्यावर बसून असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतात.

"या मुकादमीणबाई," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्याला मी सात वर्षं भागाकार शिकवत होतो. त्याला पोती उचलणं सोपं वाटलं."

पण मला त्यांनी मनापासून शिकवलं. महिनाभर रोज दुपारी तासभर. कंपनीकडे काय काय आहे ते एका बाजूला, ते कुणाच्या पैशातून आलं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची बेरीज सारखीच यायला हवी. मग त्यांनी गुणोत्तरं काढायला लावली. वर्षाच्या आत हातात येण्यासारखं काय आहे? माल ऐंशी लाख, उधारी वीस लाख, रोख दोन लाख. म्हणजे एक कोटी दोन लाख. आणि वर्षाच्या आत द्यायचं किती? एक्कावन्न लाख. भागाकार मी केला. बरोबर दोन आलं.

"एकाच्या देण्याला दोनाचा आधार," मास्तर म्हणाले. "हे चांगलं. आता मालाचे ऐंशी लाख बाजूला काढ आणि पुन्हा भाग."

बावीस भागिले एक्कावन्न. अर्धंसुद्धा येईना. मी घाबरले. मास्तर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, तेलगिरणीत माल जास्तच असणार. फक्त एवढं लक्षात ठेव, की या कंपनीचा सगळा जीव मालात आहे. माल खरा असेल तर कंपनी खरी. तो खरा आहे की नाही हे कागद सांगत नाही.

तेव्हा मी हसले. आज आठवलं की माझ्याच तोंडात मारावीशी वाटते. मी म्हणाले, "मास्तर, मालाची काळजी सोडा. तो आमच्या घरातल्या माणसाच्या खांद्यावरून जातो."

पैसे भरले. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण गल्लीत बातमी झाली होती, की मुकादमाची बायको कंपनीचा कागद वाचते. बायका दारात येऊन विचारायला लागल्या. मी अंगणात काडीने आकडे काढून दाखवायचे, दोनास एक कसं येतं ते समजवायचे. मोठा मान वाटायचा, खोटं कशाला बोलू? थोरल्या जाऊबाईंनी जन्मात माझं काही ऐकलं नाही, त्यांनीसुद्धा मुलीच्या शिक्षणाचे पैसे आणून भरले. अकरा घरांनी माझ्या शब्दावर शेअर घेतले. मास्तरांनीही घेतले.

कंपनीच्या वार्षिक सभेला तीन आठवडे होते तेव्हाची गोष्ट. यांचा डबा घरीच राहिला म्हणून मी तो घेऊन भर दुपारी गोदामावर गेले. ऊन असं, की पत्रा तडतडत होता. हमाल सावलीला बसले होते आणि सगळ्यांत म्हातारा हमाल गाऱ्हाणं सांगत होता.

"मुकादम, पुढच्या वर्षी त्या चष्मेवाल्याला सावकाश जेवायला सांगा. एका जेवणात चारशे पोती म्हणजे माणसं मरायची."

"गेल्या वर्षी दोनशे साठ होती," दुसरा म्हणाला. "त्याच्या आधी दीडशे. साहेबाची भूक तेवढीच, पोती मात्र वाढतायत."

सगळे हसले. हेही हसले. मी डबा धरून तशीच उभी राहिले.

चष्मेवाला म्हणजे हिशेब तपासनीस. वर्षाच्या शेवटच्या दिवशी येतो. सकाळी गिरणीमागच्या गोदामातली पोती मोजतो, दुपारी चेअरमनांकडे जेवतो, जरा आडवा होतो आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या गोदामातली मोजतो. त्या दिवशी हे दुप्पट मजुरी घेऊन घरी येतात आणि खांदा सोललेला असतो. तीन वर्षं मी त्या खांद्याला तेल चोळत आले. तेलही गिरणीचंच. गिरणी बंद असते त्या दिवशी खांदा का सोलतो, हे मी एकदाही विचारलं नाही. कागदाचा काना-मात्रा तपासत बसले आणि घरात आलेल्या माणसाचा खांदा वाचला नाही.

"तुम्ही पोती कुठून कुठे नेता?" मी तिथेच विचारलं.

"मागच्या गोदामातून रस्त्यावरच्या. दोन ट्रॉल्या लावून. मागची जमीन ओल धरते ना."

"आणि मग परत?"

"दोन दिवसांनी परत आणतो."

"ओल धरते तिथेच?"

म्हातारा हमाल उठून पाणी प्यायला गेला.

मी घरी न जाता मास्तरांच्या ओट्यावर गेले. शेंगदाण्याच्या पोत्याला आठ हजार धरले तर कागदावर हजार पोती. त्यातली चारशे दोनदा मोजलेली. खरी सहाशे. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, नुसता माल नाही बाई, नफासुद्धा बघ. शिल्लक माल फुगवला की नफा तेवढाच फुगतो. पुढच्या वर्षी तोच नफा टिकवायचा तर आणखी फुगवावा लागतो. गेल्या वर्षीपेक्षा एकशे चाळीस पोती जास्त, म्हणजे अकरा लाखांच्या वर. कंपनीने नफा दाखवलाय नऊ लाख.

म्हणजे तोटा. दोन लाखांचा तोटा, आणि तो आमच्या माणसांनी पाठीवर घेऊन नफ्याच्या गोदामात नेऊन ठेवलेला.

"तू माल खरा आहे म्हणालीस," मास्तर म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. आधी त्यांना कळेना, मग कळलं तेव्हा पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. सांगितलं हलवा, हलवली. इतकी वर्षं त्यांनी कुणाला का म्हणून विचारलं नाही, आणि तेवढ्यासाठीच त्यांना मुकादम केलं होतं.

"मी सभेत विचारणार," मी म्हणाले.

"खोल्या जातील."

"जाऊ देत."

ते चपला घालून बाहेर निघून गेले. सभेच्या दिवशी मात्र त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. नाहीतर ते कायम हमालांबरोबर मागे उभे राहायचे.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. चेअरमनांनी नफा वाचला, टाळ्या झाल्या. ताळेबंद मंजूर का, असं विचारलं तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, ऐंशी लाखांचा माल म्हणजे हजार पोती. दोन्ही गोदामांतली पोती एकाच वेळी मोजली होती का?

चेअरमनांचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मुकादम," ते म्हणाले, "बाई काय म्हणतायत? तुम्हीच सांगा सगळ्यांना."

हे उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढलीत, ते काय बोलणार हे मला तोंड उघडायच्या आधी कळतं. ते खरं सांगणार होते. तेवढ्यात मागून माझा पदर कुणीतरी ओढला. थोरल्या जाऊबाई होत्या.

"खाली बस," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं खरं निघालं तर माझ्या पोरीचे पैसे कोण देणार? तू?"

मी मागे वळून बघितलं. अकराही घरं तिथेच बसली होती. मी अंगणात काडीने शिकवलेल्या सगळ्या बायका. एकीनेही मान वर केली नाही, पण त्यांना सगळं समजलं होतं. मीच तर समजवलं होतं, माल खोटा निघाला तर काय उरतं ते. मास्तर आपल्या काठीची मूठ चोळत होते.

"माझी मोजण्यात चूक झाली," मी म्हणाले आणि यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

चेअरमन हसून म्हणाले, बायामाणसं कागद वाचतात हे कौतुकाचंच आहे. मग मंजुरीसाठी हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले. माझाही गेला.

शेअर परत करायचा प्रयत्न मी नंतर केला. कंपनी म्हणाली, गिऱ्हाईक तुम्ही आणा. आणायचं कुणाला? आणि त्याला काय काढून दाखवायचं? विहिरीपलीकडची जागा शिंप्याने घेतली. मी हल्ली पाण्याला दुसऱ्या वाटेने जाते.

परवा वर्षाचा शेवटचा दिवस होता. हे सकाळी लवकर आवरून बसले. सभेपासून आमच्यात त्या पोत्यांचा विषय निघाला नव्हता. मीच विचारलं.

"आज किती?"

"साडेपाचशे," ते चपला शोधत म्हणाले. माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी मनातल्या मनात भागाकार केला. मास्तरांनी शिकवल्यापासून सवय लागली आहे, आपोआप होतो. साडेपाचशे पोहोचली तर यंदाही जवळपास दोनास एक येतं. शंभर कमी पडली तर येत नाही. मग कर्ज देणारे विचारायला येतील आणि माझे तीन लाख, जाऊबाईंचे दीड, मास्तरांचे साठ हजार, सगळ्यांचंच पाणी होईल.

तेलाची बाटली मी उन्हात ठेवली, संध्याकाळपर्यंत गरम राहील म्हणून. त्यांच्या ताटात पुन्हा वाढलं. ते नको म्हणाले, भूक नाही म्हणाले.

"पोटभर खाऊन जा," मी म्हणाले. "मध्येच दमलात तर चालणार नाही."