हाराखालचं बटण

"हार कुणी काढला?"

मॅनेजर परशराम आण्णांनी फोन सुनयनाच्या नाकासमोर धरला. त्यात कॅमेऱ्यातलं चित्र होतं. खंडेनवमीची दुपार, सर्व्हरची खोली, आणि झेंडूचा हार बाजूला सारून बटण दाबणारी ती.

"काढला न्हाय आण्णा, सारला. बटण हाराखाली हुतं."

"पुजलेल्या मशिनीला दसरा हुईस्तोर हात लावायचा नसतोय. ठाव हाय का न्हाय?"

मच्छे गावातल्या या ओतकामाच्या कारखान्यात सुनयना तेरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळत होती. कारखान्याची सगळी ईमेल त्या एका यंत्रातून ये-जा करी. एरवी ते पाच मिनिटं बंद पडलं तरी मालक कारखाना डोक्यावर घेत. खंडेनवमीच्या सकाळी सॉफ्टवेअर करणाऱ्यांची सूचना आली. यात मोठं भोक सापडलंय, चोर त्यातून आत शिरू लागलेत, दुरुस्ती आजच टाका. तिने आण्णांना विचारलं. कोहळा फोडून झाला होता आणि आण्णा चिरमुरे वाटत होते. "आज न्हाय," एवढंच म्हणाले. सूचना वाचलीसुद्धा नाही.

चोरांना काय खंडेनवमीची सुट्टी असते? सगळे जेवायला बसले तेव्हा तिने आपल्या टेबलावरूनच दुरुस्ती टाकली. यंत्र बंद झालं ते पुन्हा उठेना, म्हणून खोलीत जाऊन बटण दाबलं. नऊ मिनिटांत ईमेल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी नोंदी पाहिल्या तर कुणीतरी त्याच भोकातून शिरायला चाळीस वेळा धडपडलं होतं. ते कुणाला सांगणार? न झालेल्या चोरीचं कौतुक कुणाला असतं!

पाचव्या दिवशी ग्राइंडर चालवणाऱ्या मष्णूची दोन बोटं त्यात गेली, आणि सगळ्यांना कारण सापडलं.

"तुमी लोकं देव मानत न्हाईसा, आमी कवा काय म्हटलं का?" आण्णांचा आवाज चढला. "पर आमची पुजलेली मशीन बाटवलीसा की वो!"

बाटवली. तिच्या बापाने हा शब्द घराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिला नव्हता. इथे तो पगारी माणसाच्या तोंडून, पंख्याखाली बसून आला. सुनयनाला भयंकर संताप आला.

"ग्राइंडरचं झाकण दोन म्हयने न्हाय आण्णा. मष्णूची तक्रार मीच टाइप करून तुमाला धाडलती. दोनदा."

"इषय बदलू नगासा. माफी लिवा. पूजा माज्यामुळं मोडली म्हणून सगळ्यास्नी मेल करा. न्हायतर उद्यापासनं येऊ नगासा."

ती जागेवर येऊन बसली. घरात मिळवणारी ती एकटीच होती. हाताला पांढरं बँडेज बांधलेला मष्णू डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

"म्याडम, लिवा की माफी. माजी बोटं काय परत येत न्हायत. तुमची नोकरी तरी ऱ्हाईल."

तिने लिहायला घेतलं.

'खंडेनवमीला मेल सर्व्हर नऊ मिनिटं बंद ठेवून मी दुरुस्त केला. पुजलेल्या यंत्राला हात लावला तो मीच, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ग्राइंडरला दोन महिन्यांपासून झाकण नाही. त्याच्या दोन तक्रारी सोबत जोडल्या आहेत.'

आणि सगळ्यांना पाठवून दिलं. ऑफिसात एकेक फोन वाजला. सगळ्यात शेवटी आण्णांच्या खिशातला वाजला. मष्णूने आपला फोन डाव्या हाताने काढला आणि मेल सावकाश वाचली.

सोमवारी ग्राइंडरवर नवंकोरं झाकण बसलं. आण्णांनी त्याला कुंकू लावून नारळ फोडला. सर्व्हरवरचा झेंडू वाळून खडखडीत झाला होता, पण काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

सुनयनाची खुर्ची त्या मेलच्या दुसऱ्या दिवसापासून रिकामीच होती. महिन्याभराने पुढच्या दुरुस्तीची सूचना आली, तिच्याच नावाने. ती अजून कुणी उघडलेली नाही.