पडक्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी

हरिचंद्रने बदलापूरच्या बेलवलीत अकरा इमारती बांधल्या, पण एकही अर्धवट सोडली नाही. त्यामुळे आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीने, जिज्ञासाने, दोन महिने खपून केलेलं प्लास्टरचं मॉडेल पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, एक बाजू ढासळलेली. उद्या परीक्षक म्हणतील, बाप बिल्डर आणि पोरीला साधा स्लॅब टाकता येईना!

जिज्ञासा प्रिंट काढायला अंबरनाथला गेली आणि हा कामाला लागला. दोन तासांत स्लॅब पडला, भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना ग्रिल लागलं. वर पाण्याची टाकीही बसली. उत्साही माणसाला आवरणारं घरात कोणी नसलं की असंच होतं.

पोर परत आली आणि रडायलाच लागली. "बाबा, हे स्कॉटलंडमधलं चारशे वर्षांपूर्वीचं मनोऱ्याचं घर आहे. ते पडकंच दाखवायचं होतं! सगळे मार्क त्या पडझडीलाच आहेत."

चूक कबूल करायची रीत हरिचंद्रच्या घराण्यात नव्हती. त्याने मान खाली घालून विचारलं, "मग पाडलं कोनी?"

"शेजाऱ्यांनी. खाली कमानीत गुरं, वर मालक, मधे इतका अरुंद गोल जिना की चढणाऱ्या शत्रूला तलवार फिरवता येऊ नये. भिंती दीड मीटर जाड. तरी गुरं पळवण्याच्या भांडणात शेजाऱ्यांनी पेटवलं. छप्पर जळालं, मग पावसाने भिंती पडत गेल्या. आता मी हातोडा मारला तर नुसता भुगा होईल."

खरी भिंत ढासळते तशी भिंत पाडणारा बदलापुरात एकच माणूस होता. तोडकामाचा कॉन्ट्रॅक्टर बुधाजी, हरिचंद्रचा चुलतभाऊ आणि शेजारी. नऊ वर्षांपूर्वी तीन फूट जागेवरून त्याने हरिचंद्रची पडवी पाडली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

हरिचंद्र कुंपणापाशी गेला. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलायचं, तेही असं! "बुधाजी, येऊन जरा तोड."

बुधाजी छिन्नी घेऊन आला. मॉडेलभोवती दोनदा फिरला. "टाकी कोनी बसवली?" हरिचंद्र छताकडे बघू लागला.

"छप्पर गेलं की पानी वरनं मुरतं," तो छिन्नी हलकेच टेकवत म्हणाला. "मधली भिंत आधी बसते. कोपरा मातर शेवटपर्यंत र्‍हातो." प्लास्टर अगदी सांगितल्यासारखं ढासळू लागलं. जिज्ञासा रडायचं विसरून वहीत लिहून घेऊ लागली. तासाभराने तिने डोळे पुसले. "बुधाकाका, माझ्यापेक्षा खरं झालं."

हरिचंद्रला ते झोंबलं. "माझ्या पडवीचा पन कोपरा ठेवला होतास. तोडायला जमला नाय ना?"

"जमला नसता व्हय, दादा? तिथं हिच्या उंचीच्या रेघा होत्या. दर दिवाळीला मीच मारायचो."

पडवी हरिचंद्रने आठ दिवसांत पुन्हा उभी केली होती, आणि त्या कोपऱ्यावर गिलाव्याचे दोन हात स्वतः मारले होते. त्याला फार वाईट वाटलं.

त्याने बुधाजीच्या हातातली छिन्नी घेतली आणि पडवीचा कोपरा गाठला.

"दादा, हलू," बुधाजी मागोमाग धावला. "नुसता वरचा पोपडा काढ. तुझ्या हातून भिंत जाईल."