एकविसावं दार

माझ्या थोरल्या मुलीला जुळी झाली त्या वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी अंथरूण धरलं. त्यांची जागा घेशील का, असं पाळकसाहेबांनी मला विचारलं. पाळकांच्या खालोखाल मान तो. मी गवंडी. अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत अंगठा लावत होतो. त्यानंतर बायकोने घरातल्या एकुलत्या एका पवित्र शास्त्रावरून मला अक्षरं शिकवली. त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

"साहेब, मला विचार करायला वेळ द्या," मी म्हणालो.

"विचार नका करू. दारं फिरून या."

आमच्या मंडळीत ही रीत होती. ज्याला पुढारपण द्यायचं, त्याने आठवडाभर रोज पहाटे देवळात गुडघे टेकून देवाला विचारायचं, आणि संध्याकाळी मंडळीतल्या घराघरापुढे जाऊन दार ठोठावायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून एकच प्रश्न करायचा, "माझ्याविरुद्ध मनात काही आहे का?" समोरचा बोलेल ते ऐकायचं. वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही. "देवापुढे ठेवतो," एवढं म्हणून परत फिरायचं. देव पुष्कळदा शेजाऱ्याच्या तोंडाने बोलतो, असं जुनी माणसं म्हणत.

घरं वीस होती. पहिलं बेकरीवाल्याचं. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त.

"आहे ना मनात," तो म्हणाला. "तू बांधलेली भट्टी. सगळा धूर आत सोडते. बायको म्हणते, पाव खायचा की धुरी घ्यायची?"

"देवापुढे ठेवतो."

"देवापुढे नको ठेवूस, थापी घेऊन ये."

निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी प्रार्थना फार लांबते रे. परवा माझं दूध उतू गेलं." लोहाराने नुसतंच डोकं हलवलं, काही नाही. असंच पुढे. शनिवारी संध्याकाळपर्यंत वीसही दारं झाली. कुणाच्या मनात किल्मिष निघालं नाही. ऊर भरून आला. वाटलं, मिळालं उत्तर. उद्या उभं राहून सांगायचं, देवाने होकार दिला.

घरी आलो. बायको दारात शर्टांना काजं करत बसली होती. एका शिंप्याचं काम ती घरी आणायची.

"झाली दारं?" तिने विचारलं.

"झाली. वीसच्या वीस."

तिने सुई कापडात टोचून ठेवली, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

"अगं, हे काय?"

"एक राहिलंय," आतून म्हणाली. "ठोठावा."

मला हसू आलं. म्हातारपणी हिला चेष्टा सुचते, असं वाटलं. मी ठोठावलं. तिने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"विचारा."

"माझ्याविरुद्ध मनात काही आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "तुम्हाला वाचता यायला लागलं, तेव्हापासून पुस्तक तुमच्या पिशवीत. सभेला पिशवी, कामाला पिशवी. माझी आई गेली त्या दिवशी मी मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, आज सभेत मला वाचायचंय, आल्यावर दोघं बसू. आलात, जेवलात, झोपलात. त्या दिवसापासून मी प्रार्थना केलेली नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. तिने बोट वर केलं.

"बोलायचं नसतं. रीत आहे. तुम्ही प्रार्थना करता तेव्हा मी डोळे मिटते. शेवटी तुम्ही थांबता, म्हणून आमेन म्हणते. आठ वर्षं झाली. उद्या तुम्ही चारचौघांत म्हणाल, देवाने सांगितलं. म्हणून आज बोलले."

खाली पाहिलं तर उंबरा दिसला, मीच बसवलेला. आठ वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ही बाई माझ्या शेजारी गुडघे टेकत होती. तिच्या श्वासावरून मला कळायचं, आज कंबर दुखतेय की नाही. आणि हे कळलं नाही. लोकांच्या भिंतीतली केसाएवढी चीर मला रस्त्यावरून दिसते.

शेवटी तीच हळू म्हणाली, "म्हणा की. देवापुढे ठेवतो."

"देवापुढे ठेवतो," मी म्हणालो.

रीतीप्रमाणे परत फिरायचं असतं. स्वतःच्या दारातून फिरून जायचं कुठे? देवळात गेलो. गुडघे टेकले. शब्द जुळेनात. कशीबशी दोन वाक्यं बोललो आणि सवयीने थांबलो, तिच्या आमेनसाठी. देऊळ रिकामं होतं.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. मी म्हणालो, "मला 'नाही' असं उत्तर मिळालंय."

"कुठल्या दारात?" बेकरीवाल्याने मागून विचारलं. "माझी भट्टी मी नीट करून घेईन रे."

लोक हसले. मला हसता आलं नाही. बायकांच्या रांगेत ती खाली बघत बसली होती.

ती जागा पुढे बेकरीवाल्याकडे गेली. त्याने चांगली सांभाळली. मला पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. त्या रविवारी मी पुस्तक पिशवीतून काढून तिच्या सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. "वाचतेस?" म्हणालो. "आज नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी रोज विचारत राहिलो. त्या दिवसांत एकत्र प्रार्थना आम्ही केली नाही, नुसतं शेजारी बसायचो. जुळी चालायला लागली, तेव्हा एका दुपारी तिने काजं बाजूला ठेवली, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी ऐकत बसलो. तिने थांबून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आज आमेन मी म्हणायचं आहे.

जुळी शाळेत जायला लागली त्या महिन्यात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, माझी बायको वारली.