कलापथकातला जवाब

"तुमचं नाव कारभारी?" दस्त नोंदणी कचेरीतल्या निबंधक मॅडमनी विचारलं.

"व्हय."

"काष्टीची दोन एकर जमीन तुम्ही राजीखुशीनं मुलाला, म्हणजे अमृतला, बक्षीस देताय?"

"व्हय," म्हणत कारभारींनी मानही डोलावली.

अमृतनं सुस्कारा सोडला, पण मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुमचं वय वीस वर्षं ना?"

"व्हय."

"आणि हा तुमचा जावई?"

"व्हय," कारभारी तितक्याच आनंदानं म्हणाले.

मागं टोकन घेऊन बसलेली माणसं हसली. अश्विनीनं सासऱ्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पदरानं पुसली. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो मेंदूच्या डाव्या बाजूला बसलाय की उजव्या, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तिला एवढंच समजलं की माणूस घरी आला पण शब्द दवाखान्यातच राहिले. पोरांची नावं गेली, बैलांची गेली, स्वतःचंही गेलं. उरला तो एक 'व्हय'. भाकरी वाढू का, व्हय. पुरे का, व्हय. मान हलायची तीही उभीच.

"डॉक्टरांचा दाखला जोडलाय मॅडम," अमृत म्हणाला. "त्यांना समदं कळतं."

"कळत असेल. पण काय कळलंय ते मला त्यांच्याकडून समजायला हवं. नाहीतर हा दस्त व्हायचा नाही."

अमृतनं बायकोकडं पाहिलं. "इचार तू. तुझ्या त्या पद्धतीनं."

अडला हरी म्हणतात तो हाच, आणि गाढव कोण ते सांगायला नको. सहा महिने हाच माणूस तिला हसत होता.

झालं होतं असं. छगनतात्या, कारभारींचे लहानपणचे सोबती, एकदा भेटायला आले. 'व्हय व्हय' ऐकून कंटाळले आणि सहज चाळा म्हणून समोरच्या स्टीलच्या डब्यावर बोटं वाजवायला लागले. पंधराव्या वर्षी हे दोघं कलापथकात होते. अल्पबचत, संकरित बियाणं, साक्षरता, सरकार सांगेल त्यावर गावोगाव सवाल-जवाब गायचे. छगनतात्यांनी जुना सवाल टाकला:

"सांग गड्या रे, इहीर कुनाची, पानी कुनाच्या मालकीचं?"

आणि दीड वर्ष मुका असलेला माणूस डावा हात उंचावून गायला, "इहीर खनली त्याची गड्या, पानी तहानल्या गावाचं!"

अश्विनीच्या हातातली परात खाली पडली. मिसरूड फुटताना कानात गेलेली चाल कुठल्या कप्प्यात जाऊन बसते कोण जाणे! त्या कप्प्यापर्यंत झटका पोचलाच नव्हता. तेव्हापासून ती रोजचे प्रश्न त्याच चालीत घालायला लागली. सुरुवातीला एकेक शब्द यायचा, मग दोन-तीन. बोबडा, अडखळत, पण खरा. पाठ दुखते का, म्हटल्यावर "गुडघा" असं उत्तर आलं तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. शेजारणी म्हणायच्या, सून सासऱ्याबरोबर तमाशा करते. अमृत म्हणायचा, खुळचटपणा आहे.

पण जमिनीचा प्रश्न तिनं कधीच चालीत घातला नव्हता. भीतीच वाटायची. जमीन तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दोन वर्षं हागणं-मुतणं तिनं काढलं होतं. नणंद सत्यशीला संगमनेरहून दिवाळीला यायची, बापाच्या गालावरून हात फिरवून डोळे पुसायची आणि मुक्काम न करता जायची. तिच्यासाठी अश्विनीचा जीव कधी तुटला नव्हता. मग जे झाकलंय ते उघडून कशाला बघा?

"असं नका विचारू की उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडात घालाल," मॅडम म्हणाल्या. "देणार की नाही देणार, दोन्ही बाजू आल्या पाहिजेत."

छगनतात्या साक्षीदार म्हणून आले होते. त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेका धरला. अश्विनीनं डोक्यावरचा पदर सावरला. आजवर कचेरीत ती नाव सांगण्यापुरतंही तोंड उघडत नव्हती. आता तीस माणसांपुढं गायचं होतं. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"सांगा मामा, जमीन आपली, समदी अमृतला देता का? का न्हाई देत, सांगा मामा, मनात काय ते सांगा!"

कोणी हसलं नाही. कारभारींचे डोळे बारीक झाले, पाठ ताठ झाली. डावा हात वर गेला. चेहऱ्यावर पंधरा वर्षांच्या पोराचा तो तोरा आला आणि ते गायले. सूर पक्का होता, शब्द मात्र एकमेकांत कालवलेले. परक्याला त्यातला एकही शब्द लागला नसता.

अश्विनीला लागले. सगळे लागले.

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

अमृत तिच्याकडं टक लावून पाहत होता. त्यालाही काही कळलं नव्हतं. तिनं छगनतात्यांकडं पाहिलं. त्यांनी ठेका थांबवून बोटं मुठीत घेतली होती आणि ते टेबलाखाली बघत होते. त्यांच्या मळ्याला पाणी अमृतच्याच पाइपलाइनचं होतं. ते बोलणार नव्हते.

म्हणजे आता एकट्या तिच्यावर आलं. 'देतो म्हणाले', एवढं म्हटलं की झालं. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, आणि संध्याकाळी पेढे. म्हातारा पुन्हा कधी कोणाला सांगणार होता? तिच्याशिवाय त्याचं बोलणं कळणारं घरात होतं कोण?

हाच विचार तिला झोंबला. आपण खोटं बोललो तर मामांना तोंड राहणार नाही. मग उद्या त्यांना विचारायचं तरी कशाला? गुडघा दुखला काय आणि पाठ दुखली काय!

कारभारी हात तसाच उंचावून तिच्याकडं बघत होते. जवाब दिला की समोरच्यानं तो सभेला म्हणून दाखवायचा, अशी कलापथकाची रीत. ते वाट बघत होते.

"न्हाई म्हणाले," अश्विनी म्हणाली.

"काय?" अमृत खुर्चीतून उठला.

"समदी न्हाई देत म्हणाले. निम्मी लेकीची, निम्मी त्याची."

"खोटं बोलती! ह्यांचं डोकं फिरलंय आन् ती त्यात आपलं घालती. तात्या, तुमी सांगा की!"

छगनतात्यांचे ओठ हलले. "तेच म्हणला कारभारी," ते खालच्या मानेनं म्हणाले.

मॅडमनी फाइल मिटून अमृतपुढं सरकवली. "हा दस्त मी करू शकत नाही."

अमृतनं फाइल बगलेत मारली. वाकून, फक्त बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला, "घरी चल, मग बघतो." आणि दाराकडं निघाला. घरी काय होणार ते अश्विनीला पक्कं ठाऊक होतं, आणि निम्मी जमीन गेल्याचं दुःखही होतंच. ते काही खरं बोलल्यानं कमी झालं नाही. तिनं कारभारींचा वर धरलेला हात हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला. मग ती मॅडमकडं वळली आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"निम्म्या-निम्म्याचा कागद करायचा झाला, तर नणंदेची काय काय कागदपत्रं लागतील?"

दारात अमृत थांबला. पाठमोराच.

"आधार, फोटो," मॅडम म्हणाल्या आणि कोऱ्या चिठ्ठीवर लिहायला लागल्या. "आणि त्या दिवशी तुम्हीही या."