शिबिरातला काटा

ज्या चेअरमनने साखर कारखाना खाऊन बंद पाडला, त्याच विजयसिंहाने स्वतःच्या वाढदिवसाला गावात फुकट आरोग्य शिबिर ठेवलं. गाय मारून जोडे दान करायचे म्हणतात ते हेच. बसम्माने भोंग्यावरची हाक ऐकून दोन शिव्या हासडल्या आणि तरीही नवऱ्याला घेऊन निघाली. पाटोद्याच्या डॉक्टरची पायरी तिला परवडणारी नव्हती.

तिचा नवरा मन्मथप्पा बावीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. उसाची गाडी कुणाचीही असो, आधी शून्य बघायचं, मग वजन. काम सुटून दीड वर्ष झालं. तेव्हापासून तो चतकोर भाकरीवर उठायचा, झोप तर उडालीच होती, आणि चहा घेताना हाताला असा कापरा सुटायचा की निम्मा चहा बशीत जायचा. गाव म्हणे, सोंग करतो. दिवसभर पारावर तंबाखू मळणाऱ्यांनी हे म्हणावं!

मांडवात डॉक्टर एक आणि चेअरमनचे फोटो अकरा. वजनाच्या यंत्राशी मन्मथप्पाचा नंबर आला, तर तो चढेचना.

"आदी काटा शून्यावर आणा," तो म्हणाला. "रिकामाच चार किलो दावायलाय."

"कावून खोळंबा करता, अप्पा? चार किलोनं काय व्हतंय?" कंपाउंडर वैतागला.

मन्मथप्पा खाली बसला. त्याने यंत्राचा स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला. बसम्मा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं जराही थरथरत नव्हती.

सकाळी वजन वाढलं म्हणून मिरवणारी शेजारची रतनबाई तोंड पाडून परत रांगेत लागली. दुपारपर्यंत मन्मथप्पानेच सगळं गाव जोखलं. शेवटी स्वतः चढला. अठ्ठेचाळीस भरला. डॉक्टरने अशक्तपणा लिहून ताकदीच्या गोळ्या दिल्या.

चेअरमनने फोटोपुरता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन घिऊ नका, अप्पा. रोज सकाळी चालत जात जा."

"कुठं जाऊ, साहेब?"

चेअरमन हसला. बाकी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी शिबिर उठलं, यंत्र जीपमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथप्पाची कपबशी पुन्हा वाजायला लागली. बसम्माने गोळ्यांची पुडी उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली.

"दवा तर त्येंनी जीपमधी घालून नेली," ती म्हणाली.