जोडव्यांचे डोळे

त्यांना पापण्या नव्हत्या. सोनारानं बदामाच्या आकाराचे दोन पत्रे कापले होते, मधोमध ठोकून बुबुळं उठवली होती, वर काळ्या रंगाचा एकेक टिपका दिला होता, झालं. गुलाबी कागदात शेजारी-शेजारी पडलेले ते चांदीचे डोळे विजयमालाकडे बघत होते, आणि विजयमाला त्यांच्याकडे सोडून सगळीकडे बघत, काळा चष्मा पदरानं पुसत बसली होती. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. आज नवस फेडायचा होता. तिच्या डोळ्यांचा नवस, तिच्या मोठ्या जावेनं, शकुनबाईनं बोललेला — विजयमालाच्या मोतीबिंदूसाठी, जो तिला कधी झालाच नव्हता.

खोटं म्हणावं तर केवढंसं होतं ते! नागपूरहून येऊन ती रिक्षातून उतरली, डोळ्यांवर हा चष्मा, चेहरा सुजलेला, आणि समोरच्या ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेली रंभाबाई ओरडली, "मोतीबिंदू काढला का व?" विजयमाला म्हणाली, हो. प्रश्नही रंभाबाईचा, रोगही रंभाबाईनंच दिलेला, हिनं नुसती मान हलवली... असं ती गेला दीड महिना स्वतःला समजावत होती. पण मोहाडीसारख्या गावात एका ओट्यावर पडलेला शब्द संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतो. मग कोणत्या तोंडानं सांगणार, की अहो, डोळे चांगले आहेत, मी पापण्या कापून आले? वरची लोंबती कातडी काढली, खालच्या पिशव्या काढल्या, आणि गालावरचे वांग, कपाळावरच्या आठ्या लेझरनं जाळल्या. सत्तावन्नाव्या वर्षी. सून घरात आल्यावर.

तसं कारण विचारलं तर तेही केवढंसंच. मुलाच्या, धनंजयच्या, लग्नाचे फोटो आले, आणि नवरदेवाच्या शेजारी ही कोण थकलेली बाई उभी आहे म्हणून तिनं फोटो जवळ धरला. घरच्या दुकानात कोशाच्या रेशमी साड्या उलगडून दाखवताना गिऱ्हाइकं विचारायची, काकू, बरं नाही का? बरं होतं तिला, अगदी ठणठणीत होतं. रोज कोणीतरी विचारावं आणि रोज आपण हसून नाही म्हणावं... तृप्ती, तिची लेक, नागपूरला असते, ती म्हणाली, आई, चल. नवऱ्यानं, सेवकरामनं, मीटरपट्टीवरून नजर न उचलता म्हटलं, "तुले वाटते तं कर." आणि केलं. आणि खरं सांगायचं तर आवडलं. लाली उतरल्यावर सकाळी दार लावून ती आरशासमोर उभी राहायची आणि मनातल्या मनात लाजायची. हे आवडणंच आता घशाशी येत होतं.

कारण नागपूरहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शकुनबाई आली होती. तिचा नवरा, म्हणजे मोठे भासरे नत्थूजी, गेल्यापासून दोन घरं सोडून एकटी राहते. दोन्ही डोळे दुधाळलेले, डोळ्यांच्या शिबिरातून दोनदा पळून आलेली — "डोळ्यात सुरी घालतेत बाप्पा!" दार चाचपत आत आली आणि म्हणाली, "तू वाकू नोको, चुलीपाशी जाऊ नोको. मी हाव." सून माहेरी होती. पंधरा दिवस शकुनबाईनं रांधलं. खरी आंधळी बाई डोळस बाईला उठू देईना! भातात खडे असायचे. दिसतच नव्हतं तर वेचणार कसे? विजयमाला घास चावायची, दाताखाली कच्च व्हायचं, आणि पलीकडून आवाज यायचा, "बरा झाला का व भात?" ती खडा गिळायची. हो बाई, छान झाला. पंधरा दिवस ती जे गिळत होती ते पोटात गेलंच नाही, वर कुठेतरी छातीतच साचत गेलं.

आणि वर हा नवस. काल सोनाराकडून आल्यावर शकुनबाईनं सहज सांगितलं होतं, "जोडवे होते ना माहे, कुंकवाच्या डबीत. तेच गाळून डोळे केले. मी आता थोडीच घालणार हाव?" नत्थूजी गेले त्या दिवशी पायातून उतरवलेली जोडवी. बारा वर्षं डबीत होती.

"झालं का व विजू?" बाहेरून हाक आली. विजयमालानं कागद मिटला, चष्मा चढवला.

देवीचं देऊळ काही लांब नाही, पण ऊन होतं, आणि डॉक्टरनं चेहऱ्याला ऊन लागू द्यायचं नाही असं बजावलेलं. शकुनबाईला ते पाठ. ती छत्री हिच्यावर धरून स्वतः उन्हातून चालत होती, दुसऱ्या हातानं हिचा दंड पकडून. कोण कोणाला नेत होतं? पानठेल्यापाशी सांगू, विजयमालानं ठरवलं. पानठेला गेला. तहसीलच्या फाटकापाशी. फाटकही गेलं.

"तुझं पाहून मले धीर आला," शकुनबाई म्हणाली. "सोमवारी ने मले. तुझ्याच डॉक्टरकडे."

आता झालं! आता सांगितलं तर हिचा धीरही जाणार, डोळेही जाणार. आणि न सांगावं तर... दुसऱ्या डॉक्टरकडे नेता येईल, एक खोटं आणखी, त्याला काय, खोट्यांची वीण तर सुरूच आहे... शी! मी हे काय मोजते आहे? हिच्या जोडव्यांवर उभी राहून?

देवळाच्या पायऱ्यांवर शकुनबाई थांबली. "चष्मा काढ. नवसाआधी तुले पाहू दे एकडाव."

पाहू दे म्हणजे बोटांनी. चाळीस वर्षं या बाईनं मांडीवर कोशाचा धागा वळला होता. तुटलेला धागा दुसऱ्याला जोडायचा तो गाठ न मारता, आणि सांधा डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतो. ती बोटं विजयमालाच्या कपाळावर आली, गालावर उतरली, नव्या गुळगुळीत कातडीवर क्षणभर घुटमळली. मग पापणीवर. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू गेली... आणि परत आली. दुसऱ्या पापणीवरही तशीच. पापणीच्या घडीत शिवलेली केसाएवढी रेघ आरशातही धड दिसत नव्हती.

शकुनबाईनं हात काढून घेतला.

"सांधा बारीक घातला," ती म्हणाली. "दुखते का?"

"नाही," विजयमाला म्हणाली. "बाई, ते डोळे... नका चढवू. मी तुम्हाला..."

"काहून? डोळे बरे राहू दे म्हणून मागतलं होतं मी. बरे हायेत ना?"

"आहेत."

"मंग! बोलली तं बोलली. देवीमाय काही कारण विचारत नाही." शकुनबाईनं पायरी चाचपली, एक चढली, आणि वळून न बघताच म्हणाली, "मले मात्र बुबुळाच्या डॉक्टरकडे नेजो."

ती रागावली होती का? हसत होती? पाठमोऱ्या बाईवरून काय कळणार. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, चारचौघांत बोलली असती तरी चाललं असतं. विजयमाला तिच्या मागून गेली. आत पुजाऱ्यानं विचारलं, कोणाच्या नावानं? शकुनबाई मोठ्यानं म्हणाली, "विजयमालाच्या." तिचा आवाज जराही हलला नाही.

पुजाऱ्यानं ते डोळे हळदकुंकू लावून देवीच्या पायाशी ठेवले. शेजारी शकुनबाईनं हात जोडले, दुधाळलेल्या डोळ्यांवर पापण्या मिटल्या. विजयमालानंही डोळे मिटले. पण पापण्या अजून ताठ होत्या, पुरत्या मिटत नसत. महिने लागतील सैल व्हायला, डॉक्टर म्हणाला होता. खाली एक फट राहायचीच. इतके दिवस झोपताना ती त्यावर रुमाल टाकायची.

इथे रुमाल नव्हता. तिनं आणखी जोर केला, कपाळाला आठ्या पडेपर्यंत, पण त्या फटीतून देवीचे पाय दिसतच राहिले, आणि पायाशी बारा वर्षं कुंकवाच्या डबीत पडून असलेली ती चांदी, दोन्ही टिपके तिच्यावर रोखून. मागायला काही सुचेना. क्षमा मागावी तर ती मागायची होती शेजारी उभ्या बाईकडे, आणि तिनं तर आत्ताच, न मागता, पदरात टाकली होती. घेता येत नव्हती. मग विजयमालानं डोळे मिटायचा नाद सोडला आणि तशीच, उघड्या डोळ्यांनी, बघत उभी राहिली.